एमिग्रंट, इमिग्रंट की रेफ्युजी? शब्द एकाच कुळातले, अर्थ मात्र वेगळे

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून परदेशी निघालेला प्रवासी पारपत्रावर शिक्का मारून घेण्यासाठी ज्या खिडकीपाशी उभा राहतो, तिच्यावर ‘इमिग्रेशन’ अशी पाटी असते. वास्तविक तो देशाबाहेर चाललेला असतो आणि इमिग्रेशन या शब्दाचा मूळ अर्थ आहे देशात येऊन स्थायिक होणे! सरकारी पाटीच जिथे दोन विरुद्ध क्रियांना एकच नाव देते, तिथे सामान्य वाचकाचा गोंधळ उडाला तर नवल नाही. मायग्रंट, एमिग्रंट, इमिग्रंट, रेफ्युजी, असायलम सीकर, एक्सपॅट, डिपोर्टेशन हे शब्द इंग्रजी बातम्यांत रोज भेटतात. मराठीत त्यांतील बहुतेकांची बोळवण ‘स्थलांतरित’ किंवा ‘निर्वासित’ या दोन शब्दांवर होते. परंतु हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. व्हिसा मिळणे वा नाकारला जाणे, आश्रय मिळणे वा परत पाठवले जाणे हे अनेकदा यांतील नेमका कोणता शब्द लागू होतो यावर ठरते.

एक ‘एम’ आणि दोन ‘एम’

या शब्दकुळाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘मिग्रारे’ या धातूत आहे. त्याचा अर्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. त्यापासून झालेला ‘मायग्रेट’ हा शब्द दिशेचा निर्देश करत नाही. म्हणूनच तो शिवडीच्या खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांनाही लागू पडतो आणि गावाकडून शहरात येणाऱ्या मजुरालाही.

या धातूला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागला की ‘एमिग्रेट’ होते आणि ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग लागला की ‘इमिग्रेट’. पहिल्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एम’ हे अक्षर एकदा येते, दुसऱ्याच्या दोनदा. एमिग्रेट ‘अमुक देशातून’ आणि इमिग्रेट ‘अमुक देशात’ अशी त्यांची वाक्यरचना असते. ‘एक्झिट’चे पहिले अक्षर ते एमिग्रंटचे आणि ‘इन’चे पहिले अक्षर ते इमिग्रंटचे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मराठी परिभाषेत यांना अनुक्रमे ‘उत्प्रवासी’ आणि ‘आप्रवासी’ असे नेमके प्रतिशब्द आहेत. ते व्यवहारात रुळले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

माणूस एकच असतो, पाहणारा बदलला की शब्द बदलतो. मॉरिशसचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. १८३४ पासून ब्रिटिशांनी भारतातून करारबद्ध मजूर तेथील उसाच्या मळ्यांवर नेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश होऊन ते ‘गिरमिटिये’ ठरले. त्यांच्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे स्वतंत्र मराठी समाज म्हणून ओळखले जातात. भारताच्या बंदरात या मजुरांवर देखरेख ठेवणारा अधिकारी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ होता, तर पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांची नोंद ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’च्या दप्तरी होई. जहाजात चढताना जो एमिग्रंट होता, तोच उतरताना इमिग्रंट झाला. पोर्ट लुईचा तो धक्का आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश जागतिक वारसास्थळांत केला.

भारतातील ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे पद स्वातंत्र्यानंतरही टिकले. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने एमिग्रेशनची व्याख्या ‘नोकरी पत्करण्याच्या हेतूने भारताबाहेर जाणे’ अशी केली. म्हणजे शिक्षणासाठी लंडनला जाणारा विद्यार्थी या कायद्याच्या अर्थाने एमिग्रंट नव्हे, रत्नागिरीहून कुवेतला जाणारा गवंडी मात्र आहे. साधारणपणे दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा असतो आणि आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. हे सोपस्कार टाळण्यासाठी काही दलाल अशा कामगारांना पर्यटक व्हिसावर रवाना करतात. तसे झाले की कामगार कागदोपत्री एमिग्रंट राहत नाही. त्याच्या कराराची नोंद होत नाही, विम्याचे संरक्षण मिळत नाही आणि पगार थकला तर दाद मागण्यासाठी हाती कागदही नसतो. व्हिसावरील एका शब्दाची किंमत अशी मोजावी लागते.

नोकरी अमेरिकेत, तरीही ‘नॉन-इमिग्रंट’

पुण्या-मुंबईच्या घरोघरी ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘मुलगा अमेरिकेत इमिग्रेट झाला’. बहुतेक वेळा ते कायद्याच्या दृष्टीने चुकीचे असते. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी कायद्यानुसार इमिग्रंट म्हणजे कायम वास्तव्यासाठी येणारा. विद्यार्थ्याचा एफ-१, पर्यटकाचा बी-२ आणि संगणक अभियंत्यांच्या परिचयाचा एच-१बी हे सर्व ‘नॉन-इमिग्रंट’ व्हिसा आहेत. त्यांच्यासाठी भरावयाच्या अर्जाच्या शीर्षकातच तसा उल्लेख असतो.

याच कायद्यातील २१४ (बी) हे कलम महत्त्वाचे आहे. त्यानुसार व्हिसा मागणारा प्रत्येक परदेशी माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, इमिग्रंटच आहे असे गृहीत धरले जाते. आपण परत येणार आहोत, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीला गेलेल्या तरुणाने उत्साहाच्या भरात ‘मला तिकडे इमिग्रेट व्हायचे आहे’ असे सांगितले, तर तो स्वतःच्याच तोंडाने स्वतःला अपात्र ठरवतो. एच-१बी आणि एल या वर्गांना या गृहीतकातून सूट आहे. त्यामुळे एच-१बीवर असताना ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. ग्रीन कार्ड हाती पडले की तो माणूस खऱ्या अर्थाने इमिग्रंट होतो, परंतु अमेरिकेचा नागरिक होत नाही. नागरिकत्व ही त्यापुढची पायरी.

भारताच्या बाजूने या माणसाची नावे निराळी आहेत. पारपत्र भारतीय आहे तोवर तो ‘एनआरआय’, म्हणजे अनिवासी भारतीय. २०१० च्या कायदा दुरुस्तीमुळे त्याला मतदारयादीत नाव नोंदवता येते. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर तो ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे ‘ओसीआय’ कार्ड घेऊ शकतो. पूर्वीचे ‘पीआयओ’ कार्ड ९ जानेवारी २०१५ रोजी याच योजनेत विलीन झाले. नावात ‘सिटिझन’ असले तरी हे दुहेरी नागरिकत्व नव्हे. ओसीआय कार्डधारकाला मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडच्या सातबाऱ्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हा फरक वेळीच समजून घेतलेला बरा.

साहेब ‘एक्सपॅट’, मजूर ‘मायग्रंट’

‘एक्सपॅट’ हे ‘एक्सपॅट्रिएट’चे संक्षिप्त रूप. ‘पॅट्रिया’ म्हणजे पितृभूमी आणि तिच्या बाहेर राहणारा तो एक्सपॅट्रिएट. अनेक जण ‘एक्स-पेट्रियट’ असे लिहितात. त्याचा अर्थ ‘माजी देशभक्त’ असा भलताच होतो! रूढ वापरात हा शब्द कंपनीने ठरावीक मुदतीसाठी परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला उद्देशून येतो.

या वापरात एक सूक्ष्म उच्चनीच भाव दडलेला आहे. मुंबईत बँकेची शाखा सांभाळणारा ब्रिटिश अधिकारी एक्सपॅट म्हणवला जातो आणि दुबईत इमारतीच्या परातीवर चढलेला भारतीय कामगार मायग्रंट. संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी स्वीकारलेल्या करारात मात्र ‘मायग्रंट वर्कर’ची व्याख्या ‘आपण ज्याचे नागरिक नाही अशा देशात मोबदल्यासाठी काम करणारी व्यक्ती’ अशी आहे. या व्याख्येत साहेब आणि मजूर दोघेही बसतात. फरक पगाराचा आहे, शब्दार्थाचा नाही.

देशांतर्गत स्थलांतरालाही ‘मायग्रेशन’च म्हणतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यावर महामार्गांवरून पायी निघालेल्या मजुरांसाठी इंग्रजी वृत्तपत्रांनी हाच शब्द वापरला. येथेही कायद्याचा अर्थ अधिक काटेकोर आहे. १९७९ चा कायदा, ज्यातील तरतुदी पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावल्या गेल्या, तो ‘आंतरराज्य’ स्थलांतरितांसाठी होता. बीड जिल्ह्यातून कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर जाणारा ऊसतोड कामगार राज्याची सीमा ओलांडत नाही. त्यामुळे वर्षातील अनेक महिने घराबाहेर काढूनही तो या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. तोच कर्नाटकातील फडावर गेला तर आंतरराज्य ठरू शकत होता.

रेफ्युजी : व्याख्येच्या चौकटीतला माणूस

मायग्रंट आणि रेफ्युजी यांतील फरक सर्वांत महत्त्वाचा. मायग्रंट बहुधा चांगल्या जगण्यासाठी जातो, रेफ्युजी जीव वाचवण्यासाठी पळतो. मायग्रंटला परतीचा रस्ता खुला असतो, रेफ्युजीला नसतो. २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे स्वीकारलेल्या करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचपैकी एखाद्या कारणावरून छळ होण्याची साधार भीती असलेली आणि त्यामुळे आपल्या देशाबाहेर असलेली व्यक्ती म्हणजे रेफ्युजी. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या प्रोटोकॉलने ती मर्यादा काढून टाकली.

या व्याख्येत गरिबी, दुष्काळ, पूर यांना स्थान नाही. ‘क्लायमेट रेफ्युजी’ हा शब्द अलीकडे वारंवार कानी येतो, पण या करारात तो नाही. समुद्राची पातळी वाढत असल्याच्या कारणावरून किरिबाटी बेटांवरील एका नागरिकाने मागितलेला आश्रय न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये याच आधारे नाकारला.

दुसरी अट देशाबाहेर असण्याची. घरदार सुटले, पण सीमा ओलांडली नाही, तर तो माणूस ‘इंटर्नली डिस्प्लेस्ड पर्सन’, म्हणजे देशांतर्गत विस्थापित ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगभरात १२ कोटी ३२ लाख लोक बळजबरीने विस्थापित झालेले होते. त्यातील ७ कोटी ३५ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक, आपल्याच देशात होते. बातमीत या सर्वांना ‘रेफ्युजी’ म्हटले की आकडा आणि अर्थ दोन्ही चुकतात.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा तेथून बाहेर काढलेल्या लोकांना अनेक वृत्तमाध्यमांनी रेफ्युजी म्हटले. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. स्वतःच्या देशातच परके ठरवल्याची भावना उसळली आणि ‘हे लोक रेफ्युजी नव्हेत, अमेरिकी आहेत’ असा खुलासा खुद्द अध्यक्ष जॉर्ज बुश यांना करावा लागला. त्यानंतर अनेक वृत्तपत्रांनी ‘इव्हॅक्युई’, म्हणजे सुरक्षित स्थळी हलवलेले, हा शब्द स्वीकारला. याच्या उलट वाद २०१५ मध्ये युरोपात झाला. भूमध्य समुद्र ओलांडून येणाऱ्या सीरियन नागरिकांना ‘मायग्रंट’ म्हणण्याने त्यांच्या संकटाचे गांभीर्य कमी होते, अशी भूमिका घेऊन अल जझीरा वाहिनीने त्या संदर्भात तो शब्द वापरणे थांबवले.

काश्मिरी पंडितांचा आक्षेपही याच जातीचा आहे. १९९० च्या सुमारास दहशतवादामुळे खोरे सोडावे लागलेल्या या समाजाला जम्मू-काश्मीरच्या १९९७ च्या स्थावर मालमत्तेविषयीच्या कायद्याने आणि सरकारी कागदपत्रांनी ‘मायग्रंट’ म्हटले. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रवेशाच्या सवलतीतही हाच शब्द आहे. आम्ही स्वखुशीने गेलो नव्हतो, मग मायग्रंट कसे, असा त्यांचा सवाल आहे.

असायलम सीकर आणि भारताची भूमिका

‘असायलम’ हा शब्द ‘जिथून कोणी ओढून नेऊ शकत नाही ती जागा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आश्रय मागितला आहे, पण निर्णय व्हायचा आहे, अशी व्यक्ती म्हणजे असायलम सीकर. अर्ज मंजूर झाला की ती रेफ्युजी म्हणून मान्यता पावते. प्रत्येक रेफ्युजी कधी ना कधी असायलम सीकर असू शकतो, पण प्रत्येक असायलम सीकर रेफ्युजी ठरतोच असे नाही. अमेरिकेत आणखी एक भेद आहे. देशाबाहेर असताना संरक्षण मागणारा तो रेफ्युजी आणि सीमेवर वा देशात पोहोचून मागणारा तो असायलम सीकर.

आश्रयासाठी विनापरवाना सीमा ओलांडली एवढ्यावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही. थेट संकटातून आलेल्या आणि विलंब न लावता अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या रेफ्युजीला अशा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे १९५१ च्या कराराचे कलम ३१ सांगते. छळाचा धोका असलेल्या देशात त्याला परत धाडू नये, असे कलम ३३ बजावते.

भारताने १९५१ चा करार किंवा १९६७ चा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ यांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते, तरी भारतीय कायद्याच्या दृष्टीने ते ‘फॉरेनर’, म्हणजे परकीय नागरिकच आहेत. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याने घेतली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीच्या चर्चेत ‘निर्वासित’ हा शब्द सर्वतोमुखी झाला होता. प्रत्यक्ष कायद्याची भाषा मात्र निराळी आहे. ठरावीक देशांतून आलेल्या ठरावीक धर्मीयांना ‘इल्लीगल मायग्रंट’ मानले जाणार नाही, असे ती म्हणते.

महाराष्ट्राला ‘निर्वासित’ शब्दाची ओळख झाली ती फाळणीनंतर. सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले गेले. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, तरी ‘कॅम्प’ हा शब्द तिथल्या पत्त्यांतून गेला नाही. सरकारच्या १९५४ च्या भरपाई कायद्यात या लोकांचा उल्लेख रेफ्युजी असा नव्हता, तर ‘डिस्प्लेस्ड पर्सन्स’ असा होता.

डिपोर्टेशन, एक्स्ट्रॅडिशन आणि तडीपारी

परत पाठवण्याच्या शब्दांतही असाच घोळ होतो. ‘डिपोर्टेशन’ म्हणजे देशात राहण्याचा हक्क नसलेल्या परकीयाला बाहेर काढणे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला आणलेले १०४ भारतीय डिपोर्ट झालेले होते. ‘एक्स्ट्रॅडिशन’, अर्थात प्रत्यार्पण, म्हणजे खटला चालवण्यासाठी किंवा शिक्षा भोगण्यासाठी एका देशाने आरोपीला दुसऱ्या देशाच्या हवाली करणे. त्याला न्यायालयीन प्रक्रिया लागते आणि अटीही असतात.

मुंबईने दोन्ही प्रकार पाहिले आहेत. अबू सालेमचे नोव्हेंबर २००५ मध्ये पोर्तुगालहून प्रत्यार्पण झाले. फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, अशी हमी त्यासाठी भारताने दिली होती. ती सरकारवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. नोव्हेंबर २०१५ मध्ये इंडोनेशियाहून आणलेला छोटा राजन मात्र डिपोर्ट झाला होता. एका शब्दाबरोबर शिक्षेची मर्यादा आली, दुसऱ्याबरोबर तशी हमी आली नाही.

वृत्तपत्रांतील ‘तडीपार’ हा तिसराच प्रकार. महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार गुंडाला ठरावीक मुदतीसाठी जिल्ह्याबाहेर घालवतात, त्याला इंग्रजीत ‘एक्स्टर्नमेंट’ म्हणतात. त्याला ‘डिपोर्ट’ म्हणणे चूक. स्वतःच्या नागरिकाला कोणी डिपोर्ट करत नसते.

थोडक्यात सांगायचे तर

मायग्रंट : जागा बदलणारा, दिशा, कारण, मुदत यांचा निर्देश नाही.
एमिग्रंट : मायदेश सोडून जाणारा.
इमिग्रंट : नव्या देशात स्थायिक होण्यासाठी येणारा.
एक्सपॅट : परदेशी राहणारा, बहुधा नोकरीनिमित्त आणि मर्यादित काळ.
रेफ्युजी : छळाच्या साधार भीतीने देशाबाहेर असलेला.
असायलम सीकर : आश्रयाच्या अर्जावर निर्णयाची वाट पाहणारा.
इंटर्नली डिस्प्लेस्ड पर्सन : आपल्याच देशात बेघर झालेला.
स्टेटलेस : कोणताही देश ज्याला आपला नागरिक मानत नाही असा, म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्यामुळे रोहिंग्यांवर ही वेळ आली.
डायस्पोरा : मायभूमीपासून दूर विखुरलेला, पण तिच्याशी नाते राखून असलेला समाज.

१० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील कलम १३ प्रत्येकाला आपला देश सोडण्याचा आणि परत येण्याचा हक्क देते. कलम १४ छळापासून आश्रय मागण्याचा हक्क देते. दुसऱ्या देशात जाऊन स्थायिक होण्याचा हक्क मात्र त्यात कुठेही नाही. म्हणजेच एमिग्रंट होणे हा माणसाचा हक्क आहे, तर इमिग्रंट होणे ही यजमान देशाची मर्जी. एका उपसर्गाचा हा फरक आहे आणि जगभरातील वकिलातींबाहेरच्या रांगा त्याच फरकापायी उभ्या आहेत.